पेपर वाचणार कोण?

"रिव्ह्यूअरने पेपर धड वाचलेलाच नाही." संशोधन करणाऱ्यांच्या कुठल्याही घोळक्यात थोडा वेळ उभं राहिलं तरी हे वाक्य कानावर पडतं. दोन-चार वर्षं राबून काम करायचं, ते नीट लिहून काढायचं, महिनोन्‌महिने वाट पाहायची आणि शेवटी उत्तर काय, तर 'यातलं नवीन काय ते स्पष्ट होत नाही'. पूर्वी याचं खापर भाषेवर फोडता यायचं. आता चॅटजीपीटीसारखी साधनं हाताशी आहेत, व्याकरण चकाचक आहे, वाक्यं गुळगुळीत आहेत आणि तरीही पेपर परत येतच आहेत.

माझ्या मते यामागचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. लिहिताना लेखकाच्या डोळ्यांसमोर आपलं काम असतं, वाचणारा माणूस नसतो. हे ऐकायला अगदी साधं वाटतं. अमलात आणायला मात्र पेपरची जवळजवळ सगळी रचना उलटी करावी लागते.

आधी पेपर म्हणजे काय ते पाहू

शोधनिबंध, म्हणजे सगळे ज्याला नुसतं 'पेपर' म्हणतात तो, ही एखाद्या शोधाची लेखी मांडणी असते. ती ज्या नियतकालिकात छापून येते त्याला जर्नल म्हणतात. छापण्याआधी त्याच विषयातले दोन-तीन जाणकार ती तपासतात. हे तपासणारे म्हणजे रिव्ह्यूअर. ते पसंती देतात, बदल सुचवतात किंवा नकार देतात. अंतिम निर्णय संपादकाचा.

ही पद्धत नेहमीच अशी नव्हती. १६६५ साली पॅरिस आणि लंडन इथे काही आठवड्यांच्या अंतराने पहिली दोन जर्नल्स निघाली. त्याआधी युरोपातले अभ्यासक एकमेकांना पत्रं लिहीत. लंडनचं जर्नल सुरू करणारा हेन्री ओल्डनबर्ग हा तिथल्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचा चिटणीस होता आणि त्याचं मुख्य काम हा पत्रव्यवहार सांभाळणं हेच होतं. पत्र लिहिणाऱ्याला एक मोठी सोय असते. वाचणारा कोण, त्याला काय ठाऊक आहे, कशावर तो आक्षेप घेईल, हे त्याला आधीच माहीत असतं. जर्नल आलं आणि हा वाचक अनोळखी झाला. तेव्हापासून प्रत्येक लेखकाला तो कल्पनेनं उभा करावा लागतो. बरेच जण ही तसदी घेत नाहीत, आणि मग पेपर कुणालाच उद्देशून नसलेल्या अहवालासारखा होतो.

वाचक एक नाही, आणि कोणीही सलग वाचत नाही

पेपर हाती घेणारा पहिला माणूस संपादक. तो शीर्षक आणि सारांश (अ‍ॅबस्ट्रॅक्ट) पाहतो, प्रस्तावनेवरून नजर फिरवतो आणि ठरवतो की हा पेपर रिव्ह्यूअरकडे पाठवावा की इथूनच परत करावा. या दुसऱ्या प्रकाराला 'डेस्क रिजेक्ट' म्हणतात. तुमच्या निष्कर्षांपर्यंत तो पोहोचलेलाही नसतो.

मग रिव्ह्यूअर. या कामाचे त्याला सहसा पैसे मिळत नाहीत. स्वतःचं शिकवणं, स्वतःचं संशोधन यातून वेळ काढून तो वाचतो, बहुधा थकलेला असताना. एक गोष्ट मात्र त्याच्यावर चिडणारे विसरतात: छापून आल्यावर तुमचा पेपर जे लोक वाचतील, त्यांतल्या बहुतेकांपेक्षा या माणसाने तो जास्त लक्ष देऊन वाचलेला असतो. त्याला जे कळलं नाही, ते पुढच्यांना कळण्याची आशा कमीच.

त्यानंतरचे वाचक आणखी वेगळे. कुणी शोधयंत्रात दोन शब्द टाकून तुमच्या शीर्षकावर येऊन पोहोचतो. कुणी फक्त आकृत्या पाहतो. कुणाला तुमचा प्रयोग स्वतः करून बघायचा असतो, म्हणून तो थेट पद्धतीच्या भागावर उडी मारतो. एखादी विद्यार्थिनी आपल्या प्रबंधासाठी शंभर पेपर चाळत असते. तिला तुमच्याकडून एकच तक्ता हवा असतो.

फोनवर कुणाला पत्ता सांगायचा झाला तर आपण आधी विचारतो, 'आत्ता कुठे आहेस?' स्टेशनवर उभ्या असलेल्याला एक वाट सांगतो, बसमधून उतरलेल्याला दुसरी. पेपरमध्ये मात्र आपण स्वतः ज्या रस्त्याने आलो तोच रस्ता सगळ्यांना सांगत सुटतो, वाटेत चुकलेल्या वळणांसकट. तुम्ही आधी काय केलं आणि नंतर काय केलं, हा क्रम तुमचा. वाचणाऱ्याला आधी काय विचारावंसं वाटेल आणि त्यानंतर काय, हा क्रम त्याचा. पेपर दुसऱ्या क्रमाने लिहायचा असतो.

इतकं साधं आहे, तर लेखकाला दिसत का नाही?

१९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने एक मजेदार प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्याचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं, निम्म्या वेळा तरी समोरचा ओळखेल. प्रत्यक्षात १२० गाण्यांपैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं सुरांसकट चालू असतं. ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते.

याला 'ज्ञानाचा शाप' असं नाव आहे: एकदा एखादी गोष्ट कळली की ती न कळलेल्या माणसाला जग कसं दिसतं, हे आठवेनासं होतं. संशोधक तर त्या गोष्टीत वर्षानुवर्षं बुडालेला असतो. 'नमुना ३-ब' म्हणजे काय हे त्याला झोपेतही ठाऊक असतं. त्यामुळे 'जरा वाचकाचा विचार करून लिहा' हा सल्ला एकट्याने फारसा कामाला येत नाही. बाहेरचा माणूस लागतो. त्याच्याकडे पुढे येऊच.

प्रत्येक भागाचा वाचक निराळा

विज्ञानातल्या बहुतेक पेपरांचा साचा ठरलेला आहे: प्रस्तावना, पद्धत, निष्पत्ती, चर्चा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः वैद्यकीय जर्नल्समध्ये, तो सर्वत्र रुजला. पुष्कळांना तो जाच वाटतो. मला वाटतं तो वाचणाऱ्याच्या बाजूने लावलेला नियम आहे. ज्याला जे हवं ते कुठे सापडेल हे आधीच ठरवून ठेवलेलं आहे. १९८७ साली एका अमेरिकन वैद्यकीय जर्नलमधून सारांशालाही असेच ठरावीक कप्पे करण्याची सूचना आली. हेतू हाच, की घाईत असलेल्या डॉक्टरला हवी ती माहिती चटकन सापडावी.

लेखकांची खरी पंचाईत होते ती सारांशात आणि प्रस्तावनेत, म्हणून तिथे जरा थांबू. समजा, एकाने वाळूच्या गाळणीवर काम केलं आहे. (उदाहरण आणि त्यातली निष्पत्ती माझी, कल्पित आहे.) त्याचा सारांश असा सुरू होतो:

'पाणी हा मानवी जीवनाचा अविभाज्य घटक आहे. वाढती लोकसंख्या व औद्योगिकीकरण यांमुळे शुद्ध पाण्याची उपलब्धता ही एक गंभीर समस्या बनली आहे. जलशुद्धीकरणासाठी विविध पद्धती प्रचलित आहेत. प्रस्तुत शोधनिबंधात वाळूच्या गाळणीचा सखोल अभ्यास करण्यात आला असून निष्कर्ष मांडण्यात आले आहेत.'

चार वाक्यं झाली. पाण्याशिवाय माणूस जगत नाही हे कळलं. बाकी काहीच कळलं नाही. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही, हीच खरी गंमत. हाच सारांश पाण्यावरच्या कुठल्याही पेपरला चिकटवता येईल. आता हे पाहा:

'गाळणीतला वाळूचा थर जितका जाड तितकं पाणी स्वच्छ, असं धरून चालण्याची प्रथा आहे. पण थर जाड केला की पाणी सावकाश उतरतं. आम्ही पाव, अर्धा आणि एक मीटर जाडीचे थर एकाच गढूळ पाण्यावर तपासले. अर्ध्या मीटरपर्यंत गढूळपणा झपाट्याने कमी झाला; त्यापुढे तो फारसा घटला नाही, पाण्याचा वेग मात्र निम्म्यावर आला. तेव्हा अशा पाण्यासाठी अर्ध्या मीटरपेक्षा जाड थर बांधून हाती फार काही लागत नाही.'

दोन्हींत काम तेच आहे. दुसऱ्यात वाचणाऱ्याच्या मनात आधीपासून असलेली समजूत घेतली, तिला धक्का दिला, मग काय केलं, काय दिसलं आणि त्याचा उपयोग काय, ते सांगितलं. शिवाय 'अशा पाण्यासाठी' हे दोन शब्द टाकून आपली मर्यादाही सांगून टाकली. रिव्ह्यूअरचा एक आक्षेप तिथेच मिटला.

प्रस्तावनेत हीच गोष्ट जरा विस्ताराने करायची. भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी १९९० साली दाखवून दिलं की पेपरांच्या प्रस्तावना साधारण तीन पावलं टाकतात: या विषयात आत्तापर्यंत काय माहीत आहे, त्यात फट कुठे आहे आणि आम्ही ती कशी भरतो. बरेच नवखे लेखक दुसऱ्या पावलावर अडखळतात. 'या विषयावर आजवर कोणी काम केलेलं नाही' एवढं लिहून ते मोकळे होतात. यावर वाचणाऱ्याचा प्रश्न तयार असतो: बरं, मग? कोणी केलं नसेल कारण कोणाला गरज पडली नसेल! फट आहे एवढं सांगून भागत नाही. ती तशीच राहिली तर कुणाचं काय अडतं, हे सांगावं लागतं. वरच्या उदाहरणात गाळणी बांधणाऱ्याची वाळू आणि वेळ दोन्ही वाया जातात. ते वाक्य प्रस्तावनेत हवं, आणि पहिल्या पानावर हवं.

पद्धतीच्या भागाचा वाचक मात्र निराळाच. त्याला एक तर तुमचा प्रयोग पुन्हा करायचा असतो, नाही तर तुमच्यावर शंका घ्यायची असते. त्याच्यासाठी सोपं करण्याच्या नादात तपशील गाळू नका. वाळूच्या कणाचा आकार, पाण्याची पातळी, गढूळपणा मोजायचं यंत्र, सगळं द्या. वाचकाचा विचार करणं म्हणजे प्रत्येक ठिकाणी कमी लिहिणं, असा समज आहे. तो खोटा आहे.

निष्पत्ती आणि चर्चा यांबद्दल एवढंच सांगतो: आकृतीखालची ओळ अशी लिहा की मजकूर न वाचताही आकृती समजावी. 'आकृती २: जाडी व गढूळपणा' हे नुसतं लेबल झालं. 'अर्ध्या मीटरनंतर गढूळपणा फारसा घटत नाही' हा त्या आकृतीचा अर्थ झाला.

एकच शोध, तीन पेपर

वाचक बदलला की पेपर कसा बदलतो याचं एक उत्तम उदाहरण म्हणजे डीएनएच्या रचनेचा शोध. ही रचना मांडणाऱ्या वॉटसन आणि क्रिक यांचा २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर' या जर्नलमधला पेपर हजाराहून कमी शब्दांचा आहे. पहिल्याच वाक्यात ते सांगतात की आम्ही डीएनएची एक रचना सुचवतो आहोत. पाल्हाळ नाही, प्राचीन काळापासूनचा इतिहास नाही. हा मजकूर विज्ञानाच्या सगळ्या शाखांतल्या वाचकांसाठी होता. 'पुरावा कुठे आहे?' असं विचारणाऱ्यांसाठी त्याच अंकात लगोलग विल्किन्स आणि सहकाऱ्यांचा आणि रोझलिंड फ्रँकलिन व गॉसलिंग यांचा असे दोन प्रायोगिक पेपर होते.

त्यानंतर ३० मे रोजी वॉटसन आणि क्रिक यांनी दुसरा पेपर दिला. त्यात प्रश्न होता आनुवंशिकतेचा: या रचनेवरून गुणसूत्रांची नक्कल कशी होत असेल? हा जीवशास्त्रज्ञांसाठी. आणि १९५४ साली रॉयल सोसायटीच्या जर्नलमध्ये रचनेचा सविस्तर तपशील आला, तो अणूंची मापं तपासणाऱ्यांसाठी. हे तिन्ही एकाच पेपरात कोंबले असते तर पहिलं पान कुणाच्याच लक्षात राहिलं नसतं.

वाक्य वाचतानाही वाचक काही अपेक्षा धरतो

'वाळूच्या थराच्या जाडीमध्ये वाढ करण्यात आली असता पाण्याच्या प्रवाहाच्या वेगामध्ये घट होत असल्याचे निदर्शनास आले.' हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलेलं असतं की त्यात काही खटकतही नाही. 'थर जाड केला तसा पाण्याचा वेग घटला.' अर्थ तोच. पहिल्यात 'वाढ', 'घट', 'निदर्शनास' अशी नामंच नामं आहेत आणि क्रियापद कुठेतरी शेपटीला लोंबतं आहे.

दुसरी गोष्ट जरा सूक्ष्म आहे. वाचणारा वाक्याच्या सुरुवातीला ओळखीची गोष्ट शोधतो आणि नवी गोष्ट पुढे येईल असं धरून चालतो. इंग्रजीत नव्या गोष्टीचं वजन वाक्याच्या शेवटी पडतं. आपल्याकडे ते बहुधा क्रियापदाच्या अगदी आधी पडतं. 'वाळूमुळे घट झाली' आणि 'घट वाळूमुळे झाली' ही दोन वाक्यं एकच माहिती देतात, पण पहिलं 'काय झालं?' या प्रश्नाचं उत्तर आहे आणि दुसरं 'कशामुळे झालं?' याचं. मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्यांचा जोर म्हणूनच अनेकदा चुकीच्या शब्दावर पडतो. व्याकरण अचूक असतं, आणि वाचणारा तरी चाचपडतो.

सोपं लिहिलं तर पेपर हलका वाटणार नाही का?

ही भीती खरी आहे आणि जवळपास सगळ्यांना वाटते. तिची तपासणीही झाली आहे. डॅनियल ओपेनहायमर या मानसशास्त्रज्ञाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकाच मजकुरातले साधे शब्द काढून जड शब्द घातले आणि लोकांना विचारलं, लेखक किती हुशार वाटतो? विनाकारण जड केलेल्या मजकुराचा लेखक लोकांना कमी हुशार वाटला. या पठ्ठ्याने स्वतःच्या पेपरचं शीर्षक मात्र मुद्दाम अगडबंब शब्दांत ठेवलं होतं. त्याला त्या वर्षीचं साहित्याचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीचं पारितोषिक, मिळालं.

इथे 'विनाकारण' हा शब्द महत्त्वाचा. संज्ञा हव्यातच. जिच्यासाठी दुसरा नेमका शब्द नाही ती एकदा समजावून सांगा आणि मग शेवटपर्यंत तोच शब्द वापरा. शाळेत शिकवलेलं 'एकच शब्द पुन्हा पुन्हा नको' हे इथे पार विसरा. एकदा 'थर', मग 'स्तर', मग 'माध्यम' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं या तीन वेगळ्या वस्तू आहेत.

वाचकाला आवडेल असं लिहिणं म्हणजे भपकाच ना?

नाही. निष्कर्ष वाचकाप्रमाणे बदलायचे नाहीत, मांडणी बदलायची. किंबहुना भपका चालत नाही तो जाणकार वाचकापुढेच. 'क्रांतिकारक', 'अभूतपूर्व' असे शब्द दिसले की रिव्ह्यूअर सावध होतो आणि आधी खोट शोधायला लागतो. त्याला नजरेसमोर ठेवून लिहिणारा स्वतःहून मर्यादा सांगतो, कारण रिव्ह्यूअर त्यांबद्दल विचारणारच हे त्याला माहीत असतं.

काम अस्सल असेल तर जग आपोआप दखल घेईल

या युक्तिवादाच्या बाजूने नेहमी रामानुजन यांचं नाव घेतलं जातं. पण त्यांची गोष्ट नीट पाहिली तर ती उलटंच सांगते. त्यांचा पहिला पेपर १९११ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये आला, तोही संपादकांशी बरीच देवाणघेवाण झाल्यावर. संपादक नारायण अय्यंगार यांचं म्हणणं होतं की पद्धती इतक्या त्रोटक आणि नव्या आहेत, मांडणी इतकी अस्पष्ट आहे, की सामान्य वाचकाला त्यामागून जाता येणं कठीण. जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिण्याआधी रामानुजन यांनी तिथल्याच आणखी दोन गणितज्ञांना लिहून पाहिलं होतं; तिथून काही हाती लागलं नाही. सूत्रं होती, सिद्धता नव्हत्या. हार्डी यांनी ती सूत्रं आपले सहकारी गणितज्ञ लिटलवुड यांच्यासोबत बसून पारखली, आणि उत्तरात त्यांनीही पहिल्यांदा सिद्धताच मागितल्या.

रामानुजन यांच्यासारख्या प्रतिभेलाही तिसऱ्या दारावर वाचणारा भेटला, आणि तोही हार्डींसारखा. आपल्यासारख्यांनी एवढ्यावर विसंबू नये.

हे सगळं यंत्र करून देणार नाही का?

काही प्रमाणात देईल. वाक्य सुटसुटीत करणं, चुका काढणं, हे ते बरं करतं. परकी भाषा असणाऱ्यांना याचा आधारही आहे. (अनेक जर्नल्स अशी मदत घेतली असल्यास तसं नमूद करायला सांगतात आणि यंत्राला लेखक मानत नाहीत, हे ध्यानात असू द्या.) पण तुमच्या शाखेतल्या लोकांची पक्की समजूत कोणती आहे आणि तुमची निष्पत्ती तिला कुठे छेद देते, हे ठरवणं तुमच्याकडेच राहतं. ते ठरवलं नसेल तर यंत्र वरचा 'पाणी हा मानवी जीवनाचा अविभाज्य घटक' असलेला परिच्छेदच अधिक झोकदार करून हाती देईल.

पाठवण्याआधी कुणाला वाचायला द्यावं?

आता तो बाहेरचा माणूस. आपल्या गाइडला किंवा प्रयोगशाळेतल्या सोबत्याला वाचायला देऊन उपयोग थोडा, कारण तेच गाणं त्यांच्याही डोक्यात वाजत असतं. शेजारच्या शाखेतला कुणी शोधा. त्याला अख्खा पेपर देऊ नका. शीर्षक, सारांश आणि आकृत्या एवढंच द्या. 'कसा वाटला?' असं विचारू नका, भिडस्त माणूस 'छान आहे' म्हणेल. 'यातून तुला काय कळलं ते मला सांग' असं म्हणा आणि गप्प बसा. तो बोलत असताना मध्येच 'नाही, म्हणजे त्याचा अर्थ असा...' असं म्हणण्याचा मोह होईल. तोंडाशी आलेलं ते वाक्य कागदावर टिपून ठेवा. बहुधा तेच सारांशात राहून गेलेलं असतं.

आणि तरीही रिव्ह्यूअरला कळलं नाही तर?

रिव्ह्यूअरच्या प्रत्येक मुद्द्याला लेखकाने लेखी उत्तर द्यायचं असतं. त्यासोबतच्या पत्रात लोक फार सुंदर लिहितात. 'आपण विचारलेली बाब अशी आहे की...' म्हणून दोन परिच्छेदांत सगळं लख्ख समजावतात, कारण आता समोर एक विशिष्ट माणूस आहे आणि त्याने एक विशिष्ट प्रश्न विचारला आहे. पेपरमध्ये मात्र एखादा शब्द बदलून तो तसाच परत पाठवतात. रिव्ह्यूअरचं समाधान होतं, पेपर छापूनही येतो. ते पत्र काही जर्नल्स प्रसिद्ध करतात, बहुतेक करत नाहीत. पुढच्या वाचकाला तोच प्रश्न पडतो आणि त्याचं उत्तर संपादकाच्या मेलबॉक्समध्ये पडून असतं. म्हणून पत्र लिहून झालं की त्यातले ते दोन परिच्छेद उचला, 'आपण विचारलेली बाब' एवढं काढून टाका आणि पेपरमध्ये जिथे तो प्रश्न उभा राहतो, तिथे नेऊन ठेवा.